वर्गात वट वाढली आणि डबा भरलेलाच परत यायला लागला

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही सांगलीचे. माझा धाकटा आठवीत आहे, तेरा पूर्ण झालीत. सातवीपर्यंत एकदम शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जुलैमध्ये शाळेच्या कबड्डी टीममध्ये निवड झाली आणि तेव्हापासून वर्गात एकदम फेमस झालाय, टीममधल्या पोरांचा ग्रुप आहे त्यात याला घेतलंय. मला आधी बरंच वाटलं, कारण थोरलीला (आता अकरावीत) शाळेत मैत्रिणीच नव्हत्या, मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहायची, वजन पण वाढलं. पण आता याचा डबा भरलेलाच परत येतो, क्लासला जायच्या आधी एनर्जी ड्रिंकची बाटली लागते, रात्री साडेबारा-एकपर्यंत ग्रुपवर असतो आणि सकाळी पावणेसहाला उठवताना रोज महाभारत. गेल्या आठवड्यात दप्तरात सुगंधी सुपारीची रिकामी पुडी सापडली, म्हणतो मित्राची आहे. मिस्टर म्हणतात ग्रुप तोडून टाकू, शाळा बदलू. मला वाटतं इतक्या वर्षांनी पोराला भाव मिळतोय, माझा हिरो आहे तो, तो भाव मीच कसा काढून घेऊ? काय करू सांगा.
– एक आई

उत्तर:

शाळा बदलू नका. हे पहिल्याच ओळीत लिहितेय म्हणजे मिस्टरांना लगेच दाखवता येईल. वर्षाच्या मध्यात शाळा बदलली तर नव्या वर्गात त्याला परत शून्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि नव्या जागी आपली जागा करायला तेरा वर्षांचा पोरगा काय काय करेल याचा नेम नाही, इथे निदान कबड्डी तरी आहे.

आता नीट बोलू. तुम्ही मला ताई म्हणालात पण वयाने मी मावशी लागेन, वीसेक वर्षं शाळांमधून मुलांशी गप्पा मारायचं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पॉप्युलर हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण पोरांच्या बोलण्यात कान देऊन ऐकलं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे आवडता असणं, ज्याच्या शेजारी बसावंसं वाटतं, जो नसला तर खेळात मजा येत नाही असा. आणि दुसरी म्हणजे वट. वट असलेला पोरगा सगळ्यांना माहीत असतो, तो हसला की बाकीचे हसतात, त्याने केस जसे कापले तसे पुढच्या सोमवारपर्यंत अजून चार जण कापून येतात, पण तो सगळ्यांना आवडतोच असं काही नाही. ही माझ्या डोक्यातली गंमत नाहीये बरं का, संशोधक लोक वर्गात मुलांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात, तुला कोण आवडतं आणि वर्गात कोण पॉप्युलर आहे, आणि दोन्ही याद्यांमध्ये लहान वर्गात बरीचशी तीच नावं येतात पण पाचवीपासून नववीपर्यंत जाता जाता त्या एकमेकींपासून लांब लांब सरकायला लागतात. तुमचा धाकटा बरोबर त्या मधल्या पट्ट्यात उभा आहे.

आवडता असायला रोज काही करावं लागत नाही. वट मात्र भाड्याच्या खोलीसारखी असते, दर महिन्याला भाडं भरायचं नाहीतर सामान बाहेर. आणि तेरा वर्षांच्या पोराकडे भरायला असतं काय? पैसे नाहीत, गाडी नाही. मग तो अंगानेच भरतो. डबा न खाणं हे भाडं, रात्री एकपर्यंत जागून ग्रुपवर प्रत्येकाला रिप्लाय देणं हे भाडं, ती बाटली सगळ्यांसमोर एका दमात संपवणं हेही भाडंच. तुम्हाला वाटतंय त्याला पोळीभाजी आवडेनाशी झाली. आवड तशीच आहे हो, रविवारी घरी तीच भाजी दोनदा मागून खात असेल, बघा लक्ष देऊन. शाळेत डबा उघडणं म्हणजे कॅन्टीनकडे निघालेल्या ग्रुपच्या मागे एकटं बसून राहणं, तेवढंच त्याचं गणित आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ अ‍ॅलन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी तेरा वर्षांच्या मुलामुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००५ साली त्यांनी जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तेराव्या वर्षी जी मुलं पॉप्युलर होती ती बिघडलेली वगैरे अजिबात नव्हती, उलट आईशी नातं चांगलं, जवळचे मित्र घट्ट, समज चांगली. पण पुढच्या एका वर्षात याच मुलांमध्ये दारू-गांजा चाखून बघणं, दुकानातून काहीतरी उचलणं असले किरकोळ उद्योग बाकीच्यांपेक्षा जास्त वाढले. आणि त्याच वेळी त्यांची भांडखोरी, दुसऱ्याला त्रास देणं कमी झालं! कारण सोबतच्यांना पहिलं भारी वाटत होतं आणि दुसरं आवडत नव्हतं. म्हणजे ज्याला आपण ग्रुपचा लीडर समजतो तो खरं तर ग्रुपचा सगळ्यात आज्ञाधारक पोरगा असतो, सगळ्यांना काय हवंय ते त्याला सगळ्यात आधी कळतं आणि तो सगळ्यात आधी ते करतो. तुमचा मुलगा वाया जातोय म्हणून नाही, तो चौघांचा मूड पटकन ओळखणारा आहे म्हणून सुपारीच्या पुडीपर्यंत पोचलाय. हे वाक्य मिस्टरांना दोनदा वाचून दाखवा.

त्याच लोकांनी २०१४ मध्ये पुढची गोष्ट सांगितली. १८४ मुलं, तेराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत. ज्यांनी तेराव्या वर्षी मोठ्यांसारखं वागून, प्रेमप्रकरणं, दिसायला भारी अशाच मित्रांचा ग्रुप, किरकोळ नियम मोडणं यावर नाव कमावलं होतं, त्यांची वट पुढे ओसरत गेली आणि विशीत दारू आणि नशेच्या तक्रारी त्यांच्यात जास्त दिसल्या. व्हर्जिनिया म्हणजे काही सांगली नाही, तिथली पोरं वेगळी, तिथलं सगळं वेगळं, पण तेरा वर्षांच्या जिवाला चारचौघांत कमी पडायची जी भीती असते ती मला दोन्हीकडे सारखीच वाटते.

माझंच सांगते. मी आठवीत असताना चष्मा लागला, आणि वर्गात जिच्याभोवती सगळ्या गोळा व्हायच्या ती पहिल्याच दिवशी "ढापणी" म्हणाली. झालं. सहा महिने चष्मा कंपासपेटीत. फळ्यावरचं काही दिसायचं नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायचे, घरी गेले की डोकं ठणकायचं आणि आईला वाटायचं पित्त झालंय, ती बिचारी रोज सकाळी मोरावळा द्यायची. नववीत त्या मुलीलाच चष्मा लागला. तिने काळ्या जाड फ्रेमचा घेतला आणि पंधरा दिवसांत वर्गात चष्मा ही स्टाईल झाली, ज्यांना नंबर नव्हता त्यासुद्धा डोळे तपासायला चला म्हणून घरी मागे लागल्या. मी कंपासपेटीतून चष्मा काढून घातला, मोरावळा बंद झाला.

आता ती पुडी. इथे मी जरा कडक बोलणार. बाकी सगळ्यावर बोलाचाली करा, घासाघीस करा, सुपारीवर नाही. महाराष्ट्रात सुगंधी सुपारीवर गुटख्याबरोबरच बंदी आहे तरी टपरीवर मिळते हे तुम्हाला-मला दोघींनाही माहितीये. पोरांना वाटतं सुपारीत तंबाखू नाही म्हणजे ती बडीशेपेची बहीण आहे. तसं नाहीये, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. आणि कॅन्सर लांबची गोष्ट झाली, त्याच्या कितीतरी आधी गालाची आतली कातडी कडक पांढुरकी होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. साधी गंमत करा, जेवताना सगळ्यांनी आपापली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघायचं, तुम्ही, मिस्टर, थोरली, धाकटा सगळ्यांनी. त्याची जातील, आत्ता कुठे सुरुवात असेल तर नक्की जातील. पण ज्याची जात नाहीत त्याचं काय होतं ते त्याच वेळी सांगा, लेक्चर म्हणून नाही, आमटी वाढता वाढता. आणि दातांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा, पुडीसाठी म्हणून नका नेऊ, दात तपासायला म्हणून न्या आणि डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा. रोजची सवय लागलीये असं कळलं तर तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथे विचारून बघा, तिथली माणसं बोलायला चांगली असतात.

"मित्राची आहे" यावर मात्र उलटतपासणी करत बसू नका. ते खरं असेल तरी फरक पडत नाही, खोटं असेल तर पुढच्या वेळी तो पुडी घरी आणणार नाही एवढंच होईल. त्याला एक सोय करून द्या. ग्रुपमध्ये नाही म्हणायला तेरा वर्षांच्या पोराला कारण लागतं, आणि ते कारण स्वतःचं असून चालत नाही कारण मग तो घाबरट ठरतो. म्हणून तुम्ही कारण व्हा. "माझी आई रोज तोंड हुंगते रे, डेंजर आहे" असं त्याला बिनधास्त सांगू द्या. "सर टीममधून काढतील" हे तर त्याहून भारी, कारण त्यात वट कमी होत नाही, उलट वाढते. त्याच्याशी आधी ठरवा की तू माझं नाव वाईट करू शकतोस, मला चालेल. पोरं या ऑफरवर हसतात, आणि वापरतात.

दुसरी एक गोष्ट म्हणजे "सगळेच करतात". हे सगळे किती हे मुलांना माहीत नसतं, ते अंदाज करतात आणि अंदाज नेहमी जास्तीचा निघतो, त्यातही वट असलेल्या पोरांबद्दल तर फारच जास्तीचा. अमेरिकेत मिच प्रिन्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून बघितलंय, भारी समजली जाणारी पोरं जेवढी सिगारेट-दारू स्वतः करत होती त्यापेक्षा बाकीच्यांना ती कितीतरी जास्त करतात असं वाटत होतं, आणि ज्यांचा अंदाज जास्त चुकलेला ती स्वतः पुढे त्या वाटेला जास्त गेली. एका शाळेत मी आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या होत्या, नाव लिहायचं नाही, दोनच प्रश्न, तू कधी पुडी खाल्लीस का आणि वर्गात कितीजण खात असतील. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी "निम्मे तरी" लिहिलं होतं. पहिल्या प्रश्नाच्या होकाराच्या चिठ्ठ्या माझ्या एका मुठीत मावल्या. मी त्या मूठभर चिठ्ठ्या वर धरून दाखवल्या तेव्हा मागच्या बाकावरचा, ज्याची वर्गात सगळ्यात जास्त हवा होती तो पोरगा पटकन खाली बघायला लागला. देशभराचा आकडा हवा असेल तर २०१९ च्या शाळकरी मुलांच्या तंबाखू सर्वेक्षणात तेरा ते पंधरा वयातले ८.५ टक्के तंबाखू वापरताना सापडले. शंभरात नऊसुद्धा नाहीत. धाकट्याला हा आकडा असाच विचारा, किती असतील रे, आणि तो काय सांगतो ते ऐका, मग खरा सांगा.

ती बाटली. नियमाप्रमाणे असल्या पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ च्या आसपास, आणि बाटलीवरच बारीक अक्षरात लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं, एकदा त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत ही पेयं विकू द्यायची नाहीत अशी घोषणा झाली होती, पण टपरीवाला काही अधिवेशन बघत नाही. मुद्दा असा की संध्याकाळी पाचला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं, त्यामुळे झोप येत नाही, झोप येत नाही म्हणून फोन, फोनमुळे एक वाजतो, सकाळी डोळे उघडत नाहीत, शाळेत पेंगतो आणि क्लासच्या आधी परत बाटली. त्याला आठ ते दहा तास झोप पाहिजे, तुमच्या हिशोबाने पाचच्या आसपास मिळतेय. कबड्डीत रेड मारायला दम लागतो तो झोपेतून येतो, बाटलीतून नाही, आणि हे तुम्ही सांगून उपयोग नाही, कबड्डीच्या सरांना भेटा आणि त्यांना टीमसमोर बोलायला सांगा. एकट्या याला बोलावून नको, टीमसमोर. सरांचं एक वाक्य तुमच्या महिनाभराच्या कटकटीला भारी पडेल, वाईट वाटून घेऊ नका.

फोनचं एकटीने करायला जाल तर हराल. त्याचा फोन दहाला काढून घेतला आणि ग्रुप साडेबारापर्यंत चालू राहिला तर तो अडीच तासांत काय काय मिस होतंय या विचारानेच जागा राहील. त्यापेक्षा त्या ग्रुपमधल्या दोन-तीन आयांना गाठा, पालकसभेत नाही, असंच कुठेतरी, भाजी घेताना म्हणा. मी पैज लावते त्यांच्याही घरी सकाळी महाभारतच चालू आहे आणि प्रत्येकीला वाटतंय बाकीच्यांची पोरं वेळेवर झोपतात. सगळ्यांनी मिळून दहाला फोन हॉलमध्ये ठेवायचं ठरवलं की कुणाचीच वट जात नाही. आणि मिस्टरांचाही फोन हॉलमध्ये, हो.

डब्याचं सोपं आहे. एकट्याचा डबा पाठवू नका, ग्रुपचा पाठवा. सांगलीत राहून भडंगाचा डबा पाठवायचा नाही म्हणजे काय! भडंग, वर कांदा-कोथिंबीर वेगळी, भाजलेले शेंगदाणे जरा जास्त, सोबत थालीपीठाचे हाताने खाता येतील असे तुकडे, किंवा पोळीचा भाजी घालून रोल. चार हात डब्यात पडले की डबा उघडण्यात लाज राहत नाही. पहिले दोन-चार दिवस त्याच्या वाट्याला काही उरणार नाही, चालेल. मग रविवारी त्या सगळ्यांना घरी बोलवा. बोलवाच. तुम्ही ग्रुप ग्रुप म्हणताय पण त्यातला कोण कसा आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही, चार पोरं दोन तास तुमच्या हॉलमध्ये बसली की तुम्हाला कळेल की त्यातला एक याचा खरा मित्र आहे आणि एक नुसता आवाज करणारा. त्या खऱ्याला धरून ठेवा. ग्रुप उद्या फुटला तरी एक जवळचा मित्र पुरतो.

आणि एक गोष्ट जी बहुतेक आयांच्या लक्षात येत नाही. वट असेल तर ती चांगल्या कामालाही लागते. २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांचा प्रयोग छापून आला, बारा-तेरा वर्षांची मुलं, त्यांनाच विचारलं की तुम्ही कुणाचं ऐकता, आणि ज्यांची नावं आली त्या पोरांना दोन दिवस ट्रेनिंग देऊन सोडलं, भाषण नाही, पोस्टर नाही, नुसतं येताजाता मित्रांशी सिगारेटबद्दल बोलायचं. निवड शिक्षकांनी केलेली नव्हती, त्यामुळे त्यात खोडकर पोरंही होती. ज्या शाळांत हे झालं तिथे पुढची दोन वर्षं सिगारेटकडे वळणाऱ्यांचं प्रमाण बाकी शाळांपेक्षा कमी राहिलं. तुमच्या धाकट्याने वर्गात डबा उघडला तर तो उघडणारा तो एकटाच राहणार नाही, सातवीतली बारकी पोरंसुद्धा त्याच्याकडे बघत असतील. हे त्याला सांगा हवं तर, पण जबाबदारी वगैरे शब्द न वापरता, तो शब्द ऐकला की ही मुलं कान बंद करतात.

आता तुमच्याबद्दल एक, रागावू नका. "माझा हिरो" असं लिहिलंय तुम्ही. घरात आल्या-गेल्याला सांगत असाल, आमचा आता वर्गात फेमस आहे हो. मला तुमचा आनंद कळतो, थोरलीचं बघून कुठल्याही आईला कळेल. पण त्याला घरातही वटीचेच मार्क मिळायला लागले तर तो ती सोडेल कशाला? कबड्डीत किती जणांना बाद केलंस हे विचारा, ग्रुपमध्ये आज काय झालं हे नको. किंवा हे विचारा, तू दोन दिवस आजारी पडलास तर कोण फोन करेल? उत्तर लगेच नाही आलं तरी तो रात्री त्यावर विचार करेल.

आणि थोरली. एवढ्या पत्रात तिच्या वाट्याला दोन ओळी आल्यात, त्यातलीही अर्धी ओळ वजनावर. जी मुलं एकटी पडतात त्यांचं शरीरही त्यात भरडलं जातं, मैदानावर गेलं की कुणीतरी जाडी म्हणेल म्हणून मैदानच सोडतात, मैदान सोडलं की वजन वाढतं, वजन वाढलं की परत तेच. तिला आळशी वगैरे म्हणाला नाहीत ना कधी? तिने आता अकरावीत कुणाशी मैत्री केलीय का, संध्याकाळी कुठे चालायला जाते का, घाटावर, आमराईत, कुठेही, हे मला पत्रात सापडलं नाही. तिच्याबद्दल वेगळं पत्र लिहा, पण लिहायच्या आधी तिला विचारा की लिहू का, आणि ती नको म्हणाली तर लिहू नका, तिच्याबरोबर चालायला जा.